पाच सामन्यांचा दिवस

पहाटे 4:50

गजर व्हायच्या आधीच जाग आली. स्पर्धेच्या दिवशी दरवर्षी असंच होतं. चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी उभी राहून यादी पुन्हा वाचली. पाण्याचे 30 जार, 4 नंबरचे 8 चेंडू, हवेचा पंप, दोन स्ट्रेचर, बर्फाची पेटी, हूटर, कोऱ्या गुणपत्रिका, नेलकटर.

कोल्हापुरात शालेय संघांची 14 वर्षांखालची रग्बी स्पर्धा भरवायचं आमचं हे तिसरं वर्ष. आम्ही पाच क्रीडाशिक्षक आणि कॉलेजात रग्बी खेळणारी डझनभर मुलं-मुली. आज मुलांचे 8 आणि मुलींचे 8 संघ येणार, प्रत्येक संघात 12 जण. म्हणजे 192 मुलं सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या भरवशावर असणार.

फोन वाजला. गगनबावड्याकडच्या शाळेतल्या मॅडमचा निरोप: ‘निघालो.’ त्यांच्या मुलींची ही पहिलीच स्पर्धा. त्यांचा निरोप वाचला की मला माझीच पहिली स्पर्धा आठवते. मी सातवीत होते, कबड्डीचा संघ होता. पहाटे निघून दोन तास एसटीने गेलो. बाद पद्धत होती. पहिला सामना हरलो आणि दहाच्या आत परतीच्या स्टँडवर बसून होतो. डबेसुद्धा उघडले नव्हते. त्या दिवसाने मला कबड्डीतलं काहीच शिकवलं नाही, कारण शिकायला सामनाच उरला नव्हता. म्हणून आमच्या स्पर्धेचा पहिला नियम आम्ही भाग्यपत्रिका काढायच्या आधीच लिहून ठेवला: आलेला प्रत्येक संघ पाच सामने खेळूनच घरी जाईल.

5:40

मैदानावर अंधार आणि बोचरी थंडी. गेले तीन दिवस टँकरने पाणी मारून घेतलंय. रग्बीत पोर सामन्यात दहादा पडतं आणि टणक मुरमावर पडलं तर खांदाच जातो. टाच रोवून पाहिली, माती दबते आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यात मात्र जमीन अजून कडक लागली, तिथली रेषा चार पावलं आत घ्यायला सांगितली.

फुटबॉलचं एक मैदान आडवं कापून आम्ही रग्बीची दोन केली आहेत, 45 मीटर रुंदीची, मध्ये 10 मीटरची मोकळी पट्टी. मोठ्यांचं रग्बीचं मैदान दोन गोलरेषांमध्ये 100 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद असू शकतं. सातवी-आठवीच्या पोरांना तेवढं दिलं तर जो जोरात पळतो तोच खेळतो, बाकीचे नुसते बघत राहतात.

फक्की मारायचं काम सुरू झालं. पोतं उघडून हातात घेऊन पाहिलं, खडूचीच पूड आहे. चुन्याची फक्की आम्ही वापरत नाही. ट्राय म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं. तो टेकवताना पोर तोंडावर पडतं, आणि चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

उजाडायला लागलं तसे आम्ही सगळे एका रांगेत, हाताच्या अंतरावर उभे राहिलो आणि मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. खडे, बाटल्यांची बुचं, एक गंजका खिळा. खिळा मी खिशात टाकला.

7:00

नोंदणीच्या टेबलावर बोनाफाईड आणि जन्मदाखला तपासणं हे पहिलं काम, पण माझं लक्ष शेजारच्या टेबलावर असतं. तिथे दोरीने बांधलेलं नेलकटर आहे. प्रत्येक मुलाने दोन्ही हात पुढे करायचे. नखं वाढलेली असतील तर तिथेच कापायची. कानातले डूल, बांगड्या, कडं, गळ्यातला ताईत, सगळं उतरवून नाव लिहिलेल्या पाकिटात. ताईत काढायला एक मुलगा तयार होईना. आजीने घातलेला, काढायचा नाही म्हणून सांगितलेला. मी त्याच्यासमोर पाकिटावर त्याचं नाव लिहिलं, पाकीट माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि म्हटलं, ‘आजीचा ताईत आज माझ्याकडे राहील, संध्याकाळी मीच तुझ्या गळ्यात घालीन.’ मग त्याने मान वाकवली.

मुलींसाठी दोन वर्ग कपडे बदलायला ठेवलेत, दाराशी दोन शिक्षिका. तिकडे पुरुष स्वयंसेवक फिरकायचा नाही.

पोहे आणि केळी वाटली. गगनबावड्याच्या मुली आल्या. बारापैकी सात जणींच्या पायात कॅनव्हासचे बूट. स्टडचे बूट सगळ्यांकडे नसतात, म्हणून खिळ्यासारखे अणकुचीदार स्टड कुणालाच नाहीत असा नियम केला आहे.

7:50

पंच आणि संघव्यवस्थापकांची बैठक, दहा मिनिटांची.

सात-सात जण. 5 मिनिटांचे दोन डाव, मध्ये एक मिनिट. ट्रायचे 5 गुण. आमच्याकडे गोलखांब नाहीत, म्हणून कन्व्हर्जन नाही. स्क्रममध्ये तीन-तीन जण, ढकलायचं नाही, चेंडू नुसता मागे काढायचा. टॅकल कमरेच्या खाली. पंचाशी फक्त कर्णधार बोलेल.

मग आमचा दुसरा नियम, ज्यावर दरवर्षी थोडी कुरबुर होते: बारापैकी प्रत्येक मुलाने प्रत्येक सामन्यात किमान एक डाव खेळायचा. हिशोब सोपा आहे. सात जागा, दोन डाव, म्हणजे 14 जागा. मुलं 12. सगळी बसतात, वर दोन जण दोन्ही डाव खेळू शकतात. एक सर म्हणाले, ‘मॅडम, कच्ची पोरं उतरवली तर हरू की आम्ही.’ मी म्हटलं, ‘सर, ती कच्ची राहू नयेत म्हणूनच तर आणलीत ना?’

8:30

पहिला हूटर. दोन्ही मैदानांवर एकाच वेळी सामना सुरू होतो आणि एकाच वेळी संपतो. घड्याळ एकच, ते वेळाधिकाऱ्याच्या टेबलावर. प्रत्येक सामन्याला 15 मिनिटांचा खण दिलेला, त्यातली अकरा मिनिटं खेळ आणि चार मिनिटं आत-बाहेर करायला. एका मैदानावर मुलांचे 12 साखळी सामने, दुसऱ्यावर मुलींचे 12. साडेअकराला, ऊन चढायच्या आत, सकाळचं सत्र संपलं पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही 7 मिनिटांचे डाव ठेवले होते. दुपारपर्यंत पोरांच्या पायांत गोळे आले आणि शेवटचे सामने अंधूक उजेडात झाले. तेव्हापासून डाव 5 मिनिटांचे.

राधानगरीकडचा मुलांचा संघ अजून वाटेतच, गाडी पंक्चर. पुकारा देऊन समोरच्याला पुढे चाल द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. पहिला सामना तिसऱ्या जागी नेला, आणि दुसऱ्या फेरीतला त्यांचा सामना शेवटी ढकलला, म्हणजे विश्रांती कमी पडणार नाही. दोन सामन्यांत पाऊण तास मिळालाच पाहिजे.

मुलींच्या मैदानावर गगनबावडा पहिलाच सामना 10-15 असा हरला. मुली बाजूला येऊन गप्प बसल्या. एकीने विचारलं, ‘बाई, आता जायाचं?’ मी तिला भाग्यपत्रिका दाखवली. साडेनऊ, साडेदहा, आणि दुपारचे दोन. ती बोट ठेवून एकेक वेळ वाचत गेली.

9:40

या वयाच्या पोरांना बाहेरून बघायला मला फार आवडतं, कारण प्रत्येक जण आधीचा खेळ अंगात घेऊन येतो. फुटबॉलवालं पोर चेंडू जमिनीवर दिसला की लाथच घालतं. बास्केटबॉलवाली मुलगी हमखास पुढे पास टाकते, आणि मैदानाबाहेरून सगळा संघ ओरडतो, ‘मागं! मागं टाक गं!’ हाताने पुढे पास द्यायचा नाही, हा एक नियम अंगवळणी पडला की रग्बी कळायला लागते. पुढे पळायचं स्वतः, पण साथीदार मागेच शोधायचा.

कबड्डीवाल्यांची गोष्ट वेगळी. आत्ताच एका मुलाने पळत्या गड्याचा घोटा असा पकडला की टाळ्या पडल्या. समोरचा पडला. पण याने पाय सोडलाच नाही. कबड्डीत पकड सुटली तर गुण गेला, त्याच्या हातांना तेच माहीत. रग्बीत मात्र पाडलं की लगेच सोडायचं, आणि पडलेल्यानेही चेंडू सोडायचा, मग जो पायावर उभा आहे तो उचलणार. पंचाने शिट्टी दिली, पेनल्टी. पोराला कळेना की इतकी चांगली पकड करूनही आपण चुकलो कुठे. पंच गुडघ्यावर बसला, स्वतःचा पाय त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘धर. आता सोड. परत धर. सोड.’ तीनदा. पुढच्या वेळी पोराने पाडलं, हात उघडले, उठला आणि चेंडू उचलून पळाला. हे शिकायला त्याला दुसरा सामना लागला. बाद पद्धतीत तो एव्हाना गाडीत असता.

10:20

मुलांच्या मैदानावर शिट्टी, आणि पंचाचा हात वर. मी पळाले. कागलच्या संघाचा एक मुलगा टॅकल करताना पडला होता, डोकं समोरच्याच्या गुडघ्याला लागलं होतं. मी पोचेपर्यंत तो उठून उभाही राहिला होता.

‘काय नाही झालं मॅडम. खेळतो की मी.’

डॉक्टर मॅडमनी त्याला बाजूला बसवलं आणि साध्या आवाजात विचारलं: आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? पहिला डाव की दुसरा? शेवटचा ट्राय कुणी केला? याआधीचा सामना कुणाशी होता? त्याने मैदान बरोबर सांगितलं. डाव चुकला. आधीचा सामना आठवेना.

त्याचे सर आले. ‘मॅडम, आमचा तोच एक पळतोय. पंधरा मिनिटं बसवतो, मग बघू.’

मी नाही म्हटलं. सर माझ्या ओळखीचे, भले गृहस्थ, पण इथे ओळख चालत नाही. जगभरात मुलांच्या रग्बीत हाच दंडक आहे: मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. बेशुद्ध पडलेलाच दुखावला असं समजणं ही सगळ्यात घातक चूक आहे. बहुतेक वेळा मूल शुद्धीवर असतं, बोलत असतं, आणि ‘काही झालं नाही’ असंच सांगत असतं.

त्याच्या वडिलांना फोन केला. ते येईपर्यंत त्याच्याशेजारी एक शिक्षक सतत. वडिलांच्या हातात द्यायची चिठ्ठी आमच्याकडे मराठीत छापून तयार असते: आजच डॉक्टरांकडे न्या. पहिले दोन दिवस विश्रांती. एकटं सोडू नका. उलटी झाली, डोकेदुखी वाढली, गुंगी आली, बोलणं अडखळलं, तर वाट न बघता रुग्णालयात. 108 ला फोन करा. खेळात परतणं टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या परवानगीने, आणि सामना किमान 21 दिवसांनी.

मुलगा रडला. मी त्याच्याशेजारी बसून राहिले. या एका कामासाठी मी माझ्या वाटचं बाकीचं कुठलंही काम सोडून देते. रुग्णवाहिका फाटकाशी उभी आहे, आणि ती कुणाला घेऊन गेली तर परत येईपर्यंत दोन्ही मैदानं थांबतात, हेही आमच्या नियमांच्या वहीत लिहिलेलं आहे.

11:35

साखळी संपली, हिशोबाला बसलो. विजयाला 3 गुण, बरोबरीला 2, हरलं तरी 1. हजर राहून खेळल्याचा तो 1.

मुलींच्या अ गटात तीन संघ प्रत्येकी 7 गुणांवर. गगनबावड्याने पहिला सामना हरल्यावर पुढचे दोन्ही जिंकले, त्यातला एक तर गटात पहिल्या आलेल्या संघावर. मग केलेल्या आणि खाल्लेल्या गुणांचा फरक काढला: 25, 10 आणि 5. गगनबावडा तिसरा, एका ट्रायच्या फरकाने. पहिले दोन संघ चषकाच्या उपांत्य फेरीत जातात, तिसरा-चौथा प्लेटच्या. प्लेट हीसुद्धा पूर्ण स्पर्धाच आहे, तिलाही उपांत्य आणि अंतिम सामना आहे.

हिशोबाचा कागद आम्ही आतल्या आत ठेवत नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो, आणि तीनही संघांच्या कर्णधार मुलींना बोलावून त्यांच्याकडूनच बेरीज-वजाबाकी करून घेतो. गगनबावड्याच्या कर्णधाराने दोनदा केली. तिसऱ्यांदा करायला लागली तेव्हा मी गप्प उभी राहिले. मग तिने खडू खाली ठेवला आणि विचारलं, ‘आमचा किती वाजता?’

12:30

वरण-भात, बटाट्याची भाजी, ताक. जेवल्यावर मुलं सावलीच्या वर्गांत. एका वर्गात पडद्यावर 2016 च्या रिओ ऑलिंपिकचा अंतिम सामना लावला होता. सात जणांची रग्बी ऑलिंपिकमध्ये आली ती त्याच वर्षी. फिजीने ब्रिटनला 43-7 हरवलं. फिजी म्हणजे जेमतेम नऊ लाख वस्तीचा देश, आणि हे त्यांचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण. पोरं श्वास रोखून बघत होती. मुलींना मी आपल्या महिला संघाबद्दल सांगितलं. 15 जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय सामना आपण 2018 मध्ये खेळलो, आणि 2019 मध्ये सिंगापूरला 21-19 हरवून पहिला विजय मिळवला. पुण्याची वाहबिज भरुचा भारताची कर्णधार झाली. ‘पुण्याची?’ एकीने विचारलं. ऑलिंपिकपेक्षा तिला पुणं जवळचं वाटलं.

तोवर दुसऱ्या वर्गात शिक्षकांचा तास. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण माझ्या मते दिवसातला हाच सगळ्यात मोलाचा तास. टॅकल कसा शिकवायचा? आधी दोघंही गुडघ्यांवर, मग उकिडवे, मग चालत, आणि पळत सगळ्यात शेवटी. आमच्याकडे तालमीतली पोरं पट काढायला तरबेज, म्हणून शिक्षकांना वाटतं यांना काय शिकवायचं. पण कुस्तीत समोरचा पैलवान उभा असतो, इथे तो भरधाव पळत असतो. डोकं त्याच्या मागच्या बाजूला हवं, खांदा मांडीला, हातांची मिठी घट्ट. डोकं पुढे गेलं की गुडघा बसलाच. सकाळच्या मुलाचं नेमकं तेच झालं होतं. त्याचे सर पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होते.

2:30

दुपारचे 16 सामने. चषक आणि प्लेट, मुलं आणि मुली, मिळून आठ उपांत्य सामने एका तासात. पालक वाढले आहेत. दोर बाजूरेषेपासून पाच मीटरवर बांधलाय. कोल्हापूरच्या प्रेक्षकांना फुटबॉलची सवय, पंचाच्या प्रत्येक शिट्टीवर मत असतं. एक वडील दोर ओलांडून ओरडत आत आले. मी जवळ जाऊन म्हटलं, ‘दादा, आतली पोरंसुद्धा पंचाशी बोलत नाहीत, कर्णधारच बोलतो. आपणही बाहेर थांबू या.’ ते थांबले, आणि नंतर पाण्याचे जार उचलायलाही आले.

4:10

प्लेटचा अंतिम सामना, मुलींचा. गगनबावडा 5-10 असा हरला. त्यांचा एकमेव ट्राय त्या मुलीने केला जिने सकाळी ‘आता जायाचं?’ विचारलं होतं. बाजूरेषेला धरून पळाली, समोरचीने टॅकल केला, पडता पडता तिने मागे न बघता चेंडू मागे दिला, मैत्रिणीने घेतला, पुन्हा हिच्याकडे दिला. सकाळी याच मुलीने दोन पास पुढे टाकले होते. पाच सामन्यांत ती खेळ शिकली, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पाठोपाठ चषकाचे दोन अंतिम सामने, एकामागून एक, म्हणजे सगळ्यांना दोन्ही बघता येतात. जिंकलेल्या संघाने दोन रांगा करून हरलेल्यांना टाळ्यांच्या मधून बाहेर सोडलं, मग हरलेल्यांनी जिंकलेल्यांना. रग्बीची ही जुनी रीत आहे, आणि पोरं ती एका दिवसात उचलतात.

5:30

बक्षीस समारंभ पंधरा मिनिटांत, भाषणं नाहीत. 192 मुलांना सारखंच प्रमाणपत्र. चषक देताना मी एक गोष्ट दरवर्षी सांगते. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या चषकासाठी 1879 पासून खेळतात तो कलकत्ता कप आपल्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा एक रग्बी क्लब बंद पडला तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या 270 रुपयांत काढली, ते वितळवून चषक घडवला, झाकणावर हत्ती बसवला आणि 1878 मध्ये इंग्लंडला दिला. तेव्हा रग्बी परक्यांचा खेळ आहे असं कुणी म्हटलं, तर त्याला त्या हत्तीबद्दल सांगा.

सकाळचा ताईतवाला मुलगा समोर येऊन उभा राहिला. मी पाकीट काढलं आणि ताईत त्याच्या गळ्यात घातला.

6:40

गाड्या सुटल्या. कचरा गोळा झाला, जार परत गेले, चेंडू पुसून पिशवीत गेले. 40 सामने, डोक्याला मार लागलेलं एक मूल, एक मुरगळलेलं बोट, बाकी खरचटणं. कागलच्या मुलाच्या घरी फोन केला. डॉक्टरांकडे नेऊन आणलंय, जेवला, झोपलाय, दर दोन तासांनी बघतो म्हणाले वडील. उद्या सकाळी पुन्हा फोन करायचा, वहीत लिहिलं.

मग वहीचं पुढचं पान उघडून पुढच्या वर्षाची तारीख टाकली. हे वाचणारे क्रीडाशिक्षक, मंडळं, तालुका समित्या यांना माझं एकच सांगणं आहे. खेळ कुठलाही असो, चषक आणि पाहुणे ठरवायच्या आधी कागदावर एक आकडा लिहा: शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्या संघाला किती सामने मिळणार? तो आकडा एक असेल, तर भाग्यपत्रिका पुन्हा आखा.